सूर्यफूल: कुठला भाग खावा, किती खावा आणि कुठलं झाड मुळीच खाऊ नये

धायरीच्या एका ताईंनी विचारलं आहे: गच्चीवर सूर्यफुलाची सात झाडं आहेत, आता कळ्या धरल्या आहेत. कुणीतरी सांगितलं की या झाडाचं पान, देठ, कळी, पाकळी, बी सगळं खातात आणि ते फार पौष्टिक असतं. घरात सासूबाईंना मधुमेह आहे, मुलगा 7 वर्षांचा आहे. खरंच सगळं खाता येतं का, आणि खाल्लं तर मिळतं काय?

ताई, ऐकलंत ते खरं आहे. सूर्यफुलाचा जमिनीवरचा जवळजवळ प्रत्येक भाग खाण्याजोगा आहे. पण प्रत्येक भाग सारखाच उपयोगाचा नाही, आणि झाड कुठल्या मातीत वाढलं यावर तर सगळंच अवलंबून आहे. मी 22 वर्षं पुण्यात आहारसल्ल्याचं काम करते आणि त्यातली 12 वर्षं कोथरूडच्या आमच्या गच्चीवर हे झाड लावते, खाते, लोकांना खायला घालते. त्या अनुभवावरून सांगते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकायला हवी, ती म्हणजे हे काहीतरी परदेशी, नवीन खाणं आहे ही भावना. झाड मूळचं उत्तर अमेरिकेतलं हे खरं. तिथले मूळ रहिवासी 4000 वर्षांहून अधिक काळ ते पिकवत, दळून खात आले. आपल्याकडे ते पीक म्हणून आलं 1969 च्या सुमारास, रशियातून आणलेल्या तेलाच्या जातींच्या रूपात. सोलापूर, लातूर, धाराशिवच्या काळ्या रानात ते रुजलं ते तेलबी म्हणूनच. त्यामुळे आपल्या स्वयंपाकघराला त्याचा डबा माहीत आहे, झाड माहीत नाही. पण त्याच कुळातल्या दोन वनस्पती आपण पिढ्यान् पिढ्या खातो आहोत. एक करडई, दुसरी कारळे. करडईची कोवळी पानं मूगडाळ घालून, लसणाची फोडणी देऊन आपण खातो, आणि झाड जून होऊन काटे आले की सोडून देतो. कारळे भाजून चटणी करतो. सूर्यफूल याच घरातलं आहे. करडईचं पान कधी खुडायचं हे ज्या आजीला कळतं, तिला सूर्यफुलाचं पानही कळेल.

आता बी, कारण खरं पोषण तिथेच साठलेलं आहे.

सोललेल्या 100 ग्रॅम बियांत साधारण 20 ग्रॅम प्रथिनं, 50 ग्रॅमच्या आसपास स्निग्ध पदार्थ, 8 ते 9 ग्रॅम तंतू आणि 580 च्या आसपास कॅलरी असतात. कुणी 100 ग्रॅम खात नाही, खाऊही नये. 30 ग्रॅम, म्हणजे एक लहान मूठ, हे मोठ्या माणसाचं दिवसाचं प्रमाण धरा. तेवढ्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं, 175 कॅलरी, 100 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम आणि 10 मिलिग्रॅमच्या आसपास ई जीवनसत्त्व मिळतं. मॅग्नेशियमची दिवसाची गरज त्यातून साधारण पाव भागते आणि ई जीवनसत्त्वाच्या गरजेचा मोठा हिस्सा. ई जीवनसत्त्व हीच या बीची खरी ओळख आहे. शेंगदाण्यात ते याच्या पाव भागच असतं. शिवाय तांबं, सेलेनियम, फोलेट, बी 1 आणि बी 6 ही जीवनसत्त्वं चांगल्या प्रमाणात असतात.

पण म्हणून शेंगदाणा सोडू नका. प्रथिनं शेंगदाण्यात जास्त, आणि तो स्वस्तही आहे. कॅल्शियम हवं असेल तर सूर्यफुलाकडे वळूच नका, तिळात ते दसपटीहून जास्त असतं. ओमेगा-3 हवं असेल तर जवस. सूर्यफुलात ते जवळजवळ नसतंच, जे आहे ते ओमेगा-6. माझ्याकडे येणाऱ्या माणसांना मी चटणीचे चार डबे ठेवायला सांगते: कारळे, जवस, तीळ आणि सूर्यफूल. रोज एक डबा उघडायचा. एकाच बीवर भर दिला की एक गोष्ट भरपूर मिळते आणि बाकीच्या राहून जातात.

प्रथिनांबद्दल एक बारकावा. सूर्यफुलाच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी पडतो. ज्वारी-बाजरीतही तोच कमी असतो. म्हणून नुसती भाकरी आणि सूर्यफुलाची चटणी हे जेवण चवीला उत्तम, पण प्रथिनांच्या दृष्टीने अपुरं. सोबत मटकीची उसळ किंवा पिठलं आलं की कडधान्यातलं लायसिन ती उणीव भरून काढतं. लोहाचंही तसंच. बीमध्ये लोह असतं, पण फायटिक आम्लामुळे शरीराला ते पुरतं घेता येत नाही. ताटात लिंबाची फोड असू द्या, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे ते जास्त शोषलं जातं.

चटणी करताना बी मंद आचेवर भाजा, रंग जरासा बदलला की लगेच ताटात काढा, कारण गरम कढईत ती भाजतच राहते. लसूण, सुकी मिरची, जिरं, मीठ, थोडं सुकं खोबरं घालून खलबत्त्यात कुटा. मिक्सरमध्ये फिरवायची असेल तर थांबत थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याच्या कुटाऐवजी निम्मं सूर्यफुलाचं कूट चालतं. सोललेली बी लवकर खवट होते, पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. थोडीच आणा आणि हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. खवट वास आला की टाकून द्या, भाजून वास घालवायचा प्रयत्न करू नका.

या बियांचं पीठ करून कुणी केक किंवा ढोकळा करतं आणि तो आतून हिरवा निघतो, मग घाबरून मला फोन येतो. बीमध्ये क्लोरोजेनिक आम्ल असतं, खाण्याच्या सोड्याशी त्याची गाठ पडली की ते हिरवा रंग धरतं. त्यात अपाय काही नाही. सोडा कमी करून ताक किंवा लिंबू वाढवलं की रंग फारसा येत नाही.

बीनंतर माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कोवळी रोपं, ज्यांना आता सगळे मायक्रोग्रीन म्हणतात. जाड, रसरशीत दोन दलं, चव ओल्या शेंगदाण्यासारखी, मुलांनाही आवडते. यासाठी सालासकट बी लागते, तेलाच्या जातीची काळी, पातळ सालीची. ती 8 ते 10 तास भिजत घालायची, निथळून एक रात्र फडक्यात ठेवायची. 10 बाय 20 इंचाच्या ट्रेमध्ये दोन बोटं ओलं कोकोपीट घालून त्यावर दाट पसरायची. एवढ्या ट्रेला 100 ते 125 ग्रॅम बी पुरते. वर दुसरा ट्रे पालथा घालून त्यावर वीट ठेवायची. वजनामुळे मुळं खाली घट्ट धरतात आणि रोपं वर येताना साल बरीचशी सुटते. तीन-चार दिवसांनी वीट उचलायची आणि ट्रे उजेडात आणायचा. आठव्या ते बाराव्या दिवसात दोन दलं पूर्ण उघडतात, तेव्हाच कात्रीने कापायची. मधून खरं पान डोकावायला लागलं की उशीर झाला. ते पान लवदार असतं आणि रोपाला कडवटपणा येतो.

पुण्याच्या हवेत याला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. डिसेंबरच्या थंडीत दोन-तीन दिवस जास्त लागतात, पण रोपं जाडजूड होतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र बुरशी येते. माझे सुरुवातीचे कितीतरी ट्रे पावसाळ्यात वाया गेले. नंतर कळलं की मी बी फार दाट पेरत होते आणि वरून पाणी मारत होते. आता पावसाळ्यात निम्मीच बी घेते, पाणी खालच्या ट्रेमधून देते आणि ट्रे पंख्याखाली ठेवते. मुळांवरची पांढरी लव आणि बुरशी यात लोक गोंधळतात. लव प्रत्येक मुळाभोवती सारखी असते आणि पाण्याचा फवारा मारला की बसते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, वास येतो. बुरशी दिसली तर सगळा ट्रे टाका. वरवरची रोपं वाचवून खाऊ नका.

ही रोपं म्हणजे मुख्यतः पाणी, त्यात हिरव्या पालेभाजीसारखी जीवनसत्त्वं. बीएवढी प्रथिनं किंवा स्निग्धांश एका वाटीत मिळत नाही, त्यामुळे जेवणाऐवजी नव्हे, कोशिंबिरीत, धिरड्यावर, वरणात वरून घालून खा. वयस्कर माणसं, गरोदर बायका आणि आजारातून उठलेल्यांनी कच्ची खाऊ नयेत. ओल्या, उबदार जागी वाढणाऱ्या मोडांमध्ये जंतूही वाढतात. त्यांच्यासाठी भाजीत शेवटी घालून एक वाफ आणायची.

आता मी जे सांगणार आहे ते कृपया वगळू नका. पेरणीसाठी जी बी विकतात ती खाण्यासाठी नसते. केवडा रोगापासून आणि रसशोषक किडींपासून वाचवण्यासाठी तिला बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळलेलं असतं, म्हणून ती गुलाबी, निळी किंवा हिरवी दिसते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तसली पाकिटातली गुलाबी बी स्वच्छ धुऊन भिजत घातली होती. रंग गेला म्हणजे औषध गेलं असं तिला वाटलं होतं. तसं होत नाही, काही औषधं रोपाच्या आत शिरण्यासाठीच केलेली असतात. सुदैवाने खाण्याआधी तिने मला दाखवली. रंग नसला तरी पाकिटावर प्रक्रिया केल्याचं लिहिलेलं असतं, ते वाचा. ओळखीच्या शेतकऱ्याकडून प्रक्रिया न केलेली बी घ्या, किंवा स्वतःच्याच झाडाची वाळवून ठेवा. आणि मार्केट यार्डातून आणलेल्या फुलदाणीच्या सूर्यफुलाची पाकळीसुद्धा तोंडात घालू नका. ती फुलं शोभेसाठी फवारलेली असतात, खाण्यासाठी पिकवलेली नसतात.

मातीचंही तसंच आहे. हे झाड जमिनीतले जड धातू, विशेषतः कॅडमियम, ओढून घेण्यात पटाईत आहे. इतकं की चेर्नोबिलच्या 1986 च्या अपघातानंतर, 1990 च्या दशकात तिथल्या तळ्यांवर तराफे सोडून त्यावर सूर्यफुलं वाढवली गेली, पाण्यातले किरणोत्सारी घटक त्यांच्या मुळांनी शोषून घ्यावेत म्हणून. जे झाड हे करू शकतं ते मुठेच्या काठच्या गाळातून, हमरस्त्याच्या कडेच्या मातीतून, कारखान्याशेजारच्या पडीक जागेतून काय उचलेल याचा विचार करा. पुण्यात कुंड्यांसाठी पोयटा आणतात. तो नदीच्या कुठल्या भागातून उपसला आहे हे सांगता येत नसेल तर खायच्या झाडाला वापरू नका. लाल माती, स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्याचं आणि पालापाचोळ्याचं घरचं खत, कोकोपीट, एवढं पुरतं. ताई, तुमच्या सात झाडांची माती कुठून आली हे आधी आठवा. त्याचं उत्तर समाधानकारक नसेल तर ती झाडं डोळ्यांसाठी ठेवा.

माती चांगली असेल, फवारणी नसेल, तर कळीचा विचार करू. पाश्चात्त्य देशांत आर्टिचोक नावाची भाजी खातात, तीही याच कुळातली. सूर्यफुलाची कळी चवीला तिच्या जवळ जाते. आपल्या स्वयंपाकात कामाच्या दृष्टीने तिची सर्वांत जवळची बहीण म्हणजे केळफूल. कळी मोठ्या लिंबाएवढी झालेली, पूर्ण हिरवी आणि घट्ट मिटलेली हवी. पिवळी कडा दिसली की ती खाण्याची राहिली नाही. हाताला तेल लावून घ्या, कारण चिकट राळ निघते. बाहेरची टोकदार हिरवी पानं सोलायची, देठाकडचा भाग कापायचा, चिरून लगेच ताकाच्या किंवा लिंबाच्या पाण्यात टाकायची, नाहीतर काळी पडते. मग मीठ घालून तीन-चार मिनिटं उकळायची, ते कडू पाणी फेकायचं, नव्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायची. त्यानंतर भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओलं खोबरं, किंचित गूळ घालून केळफुलासारखी भाजी करा, किंवा नुसत्या तुपात लसूण-मिरपूड घालून परता. दुसरी रीत मला जास्त आवडते, कारण कळीची स्वतःची चव त्यात टिकते.

फक्त हे लक्षात घ्या की एकाच मोठ्या फुलाच्या जातीत कळी खुडली की ते झाड संपलं. फूल नाही, कित्येकशे दाणेही नाहीत. पोषणाचा हिशोब केला तर दाणेच श्रेष्ठ. म्हणून मी फांद्या फुटणाऱ्या जातीच्या बाजूच्या कळ्या खाते आणि मुख्य फूल राखते. तुमच्या सातांपैकी एखादीवर बाजूच्या कळ्या असतील तर त्याच घ्या.

पानं खाता येतात, पण मला ती फारशी रुचत नाहीत. रोपाला चार-सहा पानं असतानाच खुडली, मधली शीर काढली, उकळून पाणी टाकलं, मग मूगडाळीबरोबर केली तर बरी लागतात. त्यानंतर ती खरखरीत होतात, जिभेला टोचतात. खत, विशेषतः युरिया, भरपूर दिलेल्या झाडाच्या पानांत नायट्रेट साठू शकतं, तीही खाऊ नयेत. याच कुळातली पालेभाजी खायची इच्छा असेल तर मंडईत थंडीत करडई मिळते, ती आणा. देठ कोवळा असताना सोलून काकडीसारखा खातात, करकरीत लागतो. जून झाला की आत भुसभुशीत गर होतो. पाकळ्यांत ल्युटीनसारखी पिवळी रंगद्रव्यं असतात, चव कडूगोड. भाताच्या मुदीवर, कोशिंबिरीवर चार पाकळ्या छान दिसतात, त्यापलीकडे औषधी गुणाची अपेक्षा ठेवू नका. मूळ खात नाहीत. ज्याचा कंद खातात ते सूर्यफुलाचं भावंड वेगळं, त्याला जेरुसलेम आर्टिचोक म्हणतात. त्याच्या कंदात इन्युलिन असतं आणि सवय नसलेल्याच्या पोटात वायू धरतो.

पुण्यात आणखी एक गोष्ट विचारल्याशिवाय मी कुणाला हे झाड खायला सांगत नाही: गाजरगवताची ॲलर्जी आहे का? ते गवत भारतात पहिल्यांदा नजरेस आलं ते 1950 च्या दशकात, याच शहरात. आज मोकळी जागा दिसली की ते असतंच. तेही याच कुळातलं. त्याने ज्यांची त्वचा लाल होते, खाज सुटते, शिंका येतात, त्यांना सूर्यफुलाचं पान, राळ किंवा पराग यांचाही त्रास होऊ शकतो. शेवंती हाताळून त्रास होणाऱ्यांनीही जपावं. अशा माणसाने पानं, कळ्या, पाकळ्या टाळाव्यात, आणि बी खायची तर आधी डॉक्टरांना विचारून.

सासूबाईंबद्दल. बीमध्ये पिष्ट कमी आणि तंतू, स्निग्धांश जास्त, त्यामुळे साखर झपाट्याने चढत नाही. मधुमेहात ती चालते. पण 175 कॅलरी कुठूनतरी वजा व्हायला हव्यात. चहाबरोबर फरसाण किंवा खारी असेल तर त्याच्या जागी ही मूठ द्या. त्याच्यावर वाढवून देऊ नका. पाकिटातली खारवलेली नको, मीठ फार असतं. मधुमेहाबरोबर मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर बीमधलं फॉस्फरस आणि पोटॅशियम अडचणीचं ठरतं, तेव्हा त्यांचे अलीकडचे रिपोर्ट बघूनच ठरवा. रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर रोपांचं, पालेभाज्यांचं प्रमाण अचानक वाढवू नका.

मुलासाठी प्रमाण एक-दोन चमचे, आणि फक्त सोललेली. सालं मुलं दाताने फोडता फोडता गिळतात. ती पचत नाहीत, आतड्यात त्यांचा टणक गोळा होऊन मुलाला दवाखान्यात न्यावं लागल्याची उदाहरणं आहेत. झाडावरची बी तो आवडीने फोडेल, तेव्हा जवळ बसा.

दाणे भरायचे असतील तर एक काम करा. गच्चीवर मधमाशा कमी येतात आणि मग दाणे पोचट राहतात. फुलं उमलली की सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान, एक दिवसाआड, तळहाताला मऊ सुती कापड गुंडाळून एका फुलावरून हलकेच फिरवा, मग दुसऱ्यावरून. आठवडा-दहा दिवस असं करा. शोभेच्या काही जातींना परागच नसतात, त्यांना दुसऱ्या जातीचे पराग लागतात. फुलाची पाठ पिवळी पडायला लागली की पोपट येतात. जुन्या धोतराचा किंवा मलमलचा तुकडा फुलावर सैल बांधा, प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरून दाणे कुजतात. पाठ तपकिरी झाली की फूल वीतभर दांड्यासकट कापून सावलीत उलटं टांगा. दाणे हाताने चोळून आपोआप सुटले की वाळले समजा.